पाणकणसात मढवलेली बोट

माझा धाकटा भाऊ ओविद शेरामी बोटी मढवायचा. म्हणजे बदकांच्या शिकारीला न्यायची बोट गवताने अशी झाकायची, की ती बोट आहे हे वरून उडणाऱ्या बदकाला कळता कामा नये. आमच्या लुईझियानाच्या पाणथळीत हे काम ज्याचं तो करतो आणि बहुतेक जण वाईटच करतात. दोन पेंढ्या इकडे, दोन तिकडे, आणि मधोमध लाल नाकाचा माणूस. बदकं जाऊ द्या, माझी आंधळी कोंबडीसुद्धा ओळखेल.

ओविदचं तसं नव्हतं. त्याचं लग्न राहिलं ते याच्याच पायी. तो म्हणतो, वेळ मिळाला नाही. मी एकदा एक चांगली मुलगी त्याला दाखवायला धक्क्यावर आणली होती. बिचारी अर्धा दिवस बसून राहिली. हा तिच्यापासून हातभर अंतरावर गवतात आडवा पडून बोटीचा रंग न्याहाळत होता. तिला तो दिसलाच नाही, आणि त्याने तिला बघितलंच नाही. ती पुढे एका भल्या दुकानदाराच्या घरी पडली, सुखात आहे.

आधी तो बोटीला चिखलाच्या रंगाचा रंग द्यायचा आणि रंग ओला असतानाच त्यावर लाकडाचा भुसा उडवायचा. त्याने चकाकी मरते. मग दोन्ही बाजूंना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, आणि जाळीत डांबरी सुतळीने बांधलेल्या बोरूच्या जुड्या. कुणी मदतीला आलं आणि जुडी ताठ बांधली की हा ओरडायचा, "कुंपण घालतोयस का? वारा कुठून येतो ते बघ!" बोरू जसा वाऱ्याने कलतो तसाच कलवून बांधायचा. बसणाऱ्या माणसावर ओढून घ्यायला गवताचंच झाकण. सगळं झालं की कॉफीचा कप घेऊन हा विलोच्या झाडावर चढायचा आणि एक डोळा मिटून बदकासारखं खाली बघायचा. बोटीत माणूस तर हवा, मग तोंडाला चिखल फासून मला बसवायचा.

"झुल्मा, हलू नकोस!"

"माझं चुलीवरचं करपतंय, मेल्या!"

"बोलू पण नकोस. दात दिसतात."

एक नियम आमच्याकडे पोरांना बोलता यायच्या आधी कळतो. ज्या तळ्यावर बसायचं, गवत तिथलंच कापायचं. बोरूने मढवलेली बोट लव्हाळ्यात नेली तर ती लग्नाला चुकून आलेल्या पाहुण्यासारखी उठून दिसते. आणि दुसरा नियम असा, की कोण कुठल्या तळ्यावर बसतो हे कुणी कुणाला सांगत नाही. आमचे पुरुष फादरला सगळी पापं सांगतील, पण तळं सांगणार नाहीत.

आता लास्ती. आमचा थोरला भाऊ. आवाज मोठा, पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. आमच्याकडे थोरल्यालाच धाकट्याचा धर्मपिता करतात, म्हणून ओविद त्याला नावाने हाक मारत नाही, 'पारँ' म्हणतो. लास्तीची बोट दर वर्षी ओविदच मढवायचा, आणि लास्ती दर वर्षी रिकाम्या हाताने यायचा. कारण लास्तीला गप्प बसता येत नाही. सिगरेट ओढतो, गाणं म्हणतो, खोकतो. हे गावाला माहीत, त्याच्या बायकोला ओदालीला माहीत, बदकांना तर चांगलंच माहीत.

पण त्या मोसमाच्या शेवटी क्लेओफाच्या दुकानात, सगळे शिकारी कॉफी पीत बसलेले असताना, लास्ती म्हणाला, "ओविदने काय मढवलीय माझी बोट! ईस्टरला बायका चर्चमध्ये टोपी घालून येतात ना, तस्सी. बदकं वरून एकमेकांना दाखवतात आणि हसत पुढे जातात."

दुकान हसलं. क्लेओफा तर इतका हसला की त्याचं पोट गल्ल्यावर आपटलं. क्लेओफा आमचा चुलतभाऊ, आणि त्याचं पोट हे काही लहान प्रकरण नाही. ओविद तिथेच सुतळीचं बंडल घ्यायला उभा होता. त्याने सुतळी घेतली आणि तो निघून गेला.

अख्खा उन्हाळा त्याने त्याबद्दल तोंड उघडलं नाही. मी डिवचलं, "टोपीवाल्या, माझ्यासाठी एक कर की." एरवी तो उलट काहीतरी बोलला असता. त्या वेळी फक्त बघितलं माझ्याकडे. तेव्हा मीच गप्प झाले, आणि मी गप्प होणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा.

थंडी सुरू झाली तसा लास्ती बोट घेऊन आला. "मढव रे. या खेपेला टोपी नको."

"ठेव, पारँ," ओविद म्हणाला. एवढंच.

ती बोट त्याने जशी मढवली तशी आयुष्यात कुठली मढवली नसेल. जेवायला बोलावलं तर यायचा नाही. पहाटे उठून एकटाच कुठेतरी जायचा आणि बोट भरून गवत आणायचा. मी बघायला गेले, तर बोरूच्या मधून मधून पाणकणसं खोचलेली. लांब हिरवी-पिवळी पाती आणि वर ते तपकिरी कणीस.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं. कारण आमच्या बाजूला पाणकणीस राहिलंच नव्हतं. त्याला गोडं पाणी लागतं. कालवे खणले, समुद्राचं पाणी आत शिरलं, आणि वडील होते तेव्हाच ते सगळं खारवून मेलं.

"उगवतं कुठेतरी," तो म्हणाला.

त्याच्या तळ्यावरचं होतं ते. इतकी वर्षं त्याने ते तळं कुणाला दाखवलं नव्हतं, त्या बाजूचं गवताचं पातंही कधी दुसऱ्याच्या बोटीला लावलं नव्हतं. पण तिथलं गवत आमच्या दलदलीत सगळ्यात दाट आणि सुंदर, आणि याला लास्तीला दाखवून द्यायचं होतं.

लास्ती बोट न्यायला आला. बोटीभोवती एक फेरी मारली. एक कणीस मोडलं, बोटांत चुरलं, त्याचा कापूस उडाला. आणि तो काही बोलला नाही! नुसती शीळ घालत बोट घेऊन गेला.

डिसेंबरात एका पहाटे लास्ती त्या बोटीतून गेला. दुपारी ओदाली माझ्या दारात आली, ॲप्रन तसाच, हाताला पीठ.

"झुल्मा, हे आले नाहीत अजून."

"येईल गं. बदकांना गाणं शिकवत बसला असेल."

"गंबो निवला," ती म्हणाली. तेव्हा मी हातातलं काम टाकलं. लास्ती बायकोला थापा मारेल, कोर्टाची तारीख चुकवेल, पण गरम गंबो, आमचा तो दाट रस्सा, सोडून तो कुठे राहायचा नाही. आणि रेडिओवर सांगत होते, रात्री उत्तरेचा वारा सुटणार, पाणी गोठेल.

ओविद लगेच बोट काढून गेला. क्लेओफा गेला, बाकीचे गेले. अंधार पडता पडता एकेक जण परत आला. सगळ्यांचं एकच, "माझ्या बाजूला नाही." माझी बाजू म्हणजे कुठली, ते एकानेही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. तसं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. ओविद सगळ्यात शेवटी आला. त्याच्या मिशीवर बर्फ होता. तोही म्हणाला, "माझ्या बाजूला नाही."

त्या रात्री वारा असा सुटला की छपराचे पत्रे बोलायला लागले. ओदाली माझ्याकडेच होती. आम्ही सेंट अँथनीला हाका मारल्या, हरवलेलं शोधून देतो म्हणून. मी त्याला नवससुद्धा बोलले, कुठला ते सांगत नाही, अजून फेडलेला नाही.

सकाळी धक्क्यावर गेलो तर खाडीत पाणीच नाही. उत्तरेचा वारा आमचं पाणी ढकलून समुद्रात नेतो. बोटी चिखलात बसलेल्या, मोटरी हवेत. एक हेलिकॉप्टर येऊन घिरट्या घालून गेलं. त्यालाही गवतच दिसलं. शेकोटीभोवती पुरुष उभे, प्रत्येकाच्या हातात कॉफी, प्रत्येकाची नजर जमिनीला. ओविद एकटा बाजूला.

"बोट मढवलेली आहे," क्लेओफा हळूच म्हणाला. "ओविदने. सापडायची कशी?"

ते ओविदने ऐकलं.

मी त्याच्याजवळ गेले. "कुठे कुठे बघितलंस?"

"सगळीकडे."

"तुझ्या तळ्यावर?"

"दोनदा गेलो. हाका मारल्या. नाही तो तिथे. आणि असेल कशाला? त्याला ती जागाच माहीत नाही."

"ओविद, तू त्याची बोट पाणकणसाने मढवलीस. पाणकणीस ह्या दलदलीत आणखी कुठे उगवतं?"

त्याने मान वर केली.

"ती बोट दुसऱ्या कुठल्या गवतात घुसवली तर दिसेल की नाही?"

"दिसेल," तो म्हणाला.

"मग दिसत का नाही? लास्ती खोकतो, गातो, बावळट आहे, सगळं खरं. पण कणीस मोडून बघितल्यावर, गोडं पाणी कुठे असेल हे शोधायला त्याला किती वेळ लागणार होता? वडिलांबरोबर तुझ्या आधी तोच फिरला आहे."

तुम्हाला सांगते, माणसाच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी बघितला आहे, पण असा नाही. तो तडक बोटीकडे निघाला. मी त्याची बाही धरली.

"एकटा कुठे चाललास? पाणी नाही. तू दोनदा गेलास आणि तुला दिसला नाही, तिसऱ्यांदा दिसणार आहे? माणसं लागतील. रांग धरून, काठ्यांनी टोचत जायला. सांग त्यांना."

"झुल्मा..."

"सांग."

तुम्हाला वाटेल, भाऊ मरतोय आणि हा तळ्याचा विचार करतो? केला. मी त्याचे डोळे बघत होते. एक घोट कॉफी प्यायला लागतो तेवढाच वेळ, पण केला. त्याच्याजवळ बायको नव्हती, पोरं नव्हती. तेवढं तळं होतं.

मग तो शेकोटीजवळ गेला. "जुन्या कालव्याचा बांध," तो म्हणाला. "बांधाच्या मागे, पडलेल्या सायप्रसच्या डावीकडून आत."

"तिथे?" क्लेओफा म्हणाला. "तिथे तर नुसतं मीठ आहे!"

"नाही. तिथे झरा आहे. गोडं पाणी आहे."

 आणि खरं सांगते, त्या दुःखातसुद्धा दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. माझा भाऊ मरणाच्या दारात, आणि त्या मेल्यांच्या डोळ्यांत बदकं!

पुरुष गाडीने बांधापर्यंत गेले, पुढे चिखलातून. मी आणि ओदाली घोंगड्या आणि कॉफीचा थर्मास घेऊन बांधावर उभ्या राहिलो. ओदालीच्या हातात जपमाळ, पण ती जपत नव्हती, नुसती आवळत होती.

बांधावरून सगळं तळं दिसत होतं. पाणी जाऊन उघडा पडलेला चिखल, आणि कडेने पाणकणसं, वाऱ्याने एका बाजूला झोपलेली. मी एकेक झुपका बघून काढला. कुठे म्हणून कुठे बोट नाही. पुरुषांनी रांग धरली, हाताला हात लागेल अशी, आणि मांड्यांपर्यंत रुतत गवतात काठ्या खुपसत निघाले. ओविद मधोमध. दर दोन पावलांना तो थांबायचा आणि ओरडायचा, "पारँ!" वारा तो आवाज आमच्याकडे आणून टाकायचा.

"नाही गं तो इथे," ओदाली म्हणाली. "झुल्मा, नाही तो इथे."

"शा, गप्प बस," मी म्हटलं. लाडाने म्हणतो आम्ही शा. त्या दिवशी माझ्या तोंडून ते लाडाचं आलं नसेल.

रांग पलीकडच्या टोकाला पोचत आली. मी मनातल्या मनात ओदालीला घरी कसं न्यायचं त्याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात क्लेओफाचा पाय रुतला, तोल गेला, आणि आधाराला म्हणून त्याने समोरच्या गवतात हात टाकला. गवत खाली गेलं नाही. क्लेओफा त्या गवतावर पालथा पडला आणि खालून लाकूड वाजलं.

"इथे आहे!" तो ओरडला. "मी त्याच्यावर पडलोय!"

ओविद तिथून चार हातांवर होता. तो नुकताच त्याच झुपक्यावरून नजर फिरवून पुढे गेला होता.

झाकण उचललं तेव्हा लास्ती बोटीच्या तळाशी कुशीवर पडलेला होता, उशाला आमिषाच्या लाकडी बदकांची गोणी. ओठ निळे. पहाटे अंधारात बोटीतून उतरताना घसरला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. कसाबसा परत आत चढला आणि झाकण अंगावर ओढून घेतलं. मेला असंच मला वाटलं. पण ओदाली चिखलात उडी टाकून, गुडघ्यांवर फरफटत तिथे पोचली आणि म्हणाली, "गंबो निवलाय!" आणि त्याचा डोळा हलला.

लास्ती जगला. एका पायाची बोटं गेली, आणि खुबा कायमचा वाकडा झाला. शहरातल्या हॉस्पिटलात आठवडेच्या आठवडे होता. मी रोज जायचे, नर्सशी भांडायचे. ओविदही यायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा. एक दिवस मी खोलीत संत्रं सोलत असताना त्याने विचारलंच.

"पारँ, हाक ऐकलीस माझी?"

लास्ती छताकडे बघत म्हणाला, "ऐकली."

"पहिल्या वेळी?"

"पहिल्या वेळी."

"मग ओ का नाही दिलीस?"

"तुझ्या तळ्यात होतो ना मी," लास्ती म्हणाला. "तुझं गवत चोरून वाचलं आणि आलो. गावासमोर तुला टोपी म्हटलं आणि तुझ्याच तळ्यात येऊन पडलो. म्हटलं, हा जाऊ दे. मागून क्लेओफा येईल, त्याला हाक मारू. क्लेओफाला काय, काहीही सांगता येतं. तेव्हा इतकं दुखतही नव्हतं रे."

आमचे पुरुष! हाड मोडून चिखलात पडलेत, पण चोरी पकडली जाईल म्हणून श्वास रोखून बसणार. मी तोंड उघडणार होते, पण ओविदने हात वर केला.

"आणि दुसऱ्यांदा?"

लास्तीने छतावरची नजर काढून ओविदकडे बघितलं.

"दुसऱ्यांदा ओरडलो मी. खूप ओरडलो. पण वारा सुटला होता, आवाज मागेच जात होता. तू मोटर बंद केलीस. उभा राहिलास. माझ्याकडे बघितलंस, ओविद. सरळ माझ्याकडे. मला तुझी मिशी दिसत होती. आणि मग तू मान फिरवलीस."

ओविद खोलीबाहेर गेला. मी गेले तर तो जिन्यात बसला होता. मी संत्र्याची फोड पुढे केली. त्याने घेतली आणि हातातच ठेवली.

तळं गेलं. पुढच्या मोसमात तिथे इतक्या बोटी लागल्या की बदकांना उतरायला जागा उरली नाही. पाणकणसं कापून कापून संपवली. ज्यांनी शेकोटीजवळ एकमेकांकडे बघितलं होतं, तेच सगळ्यात आधी गेले.  ओविदने सुतळी, जाळी, सगळं क्लेओफाला परत केलं. लोक बोटी घेऊन यायचे, तो दारातूनच मान हलवायचा. एकदा मी म्हटलं, "निदान माझ्या कोंबड्यांचं खुराडं तरी मढव, घारी येतात." तो हसला नाही.

मग थंडीत लास्ती आला. काठी टेकत, मागून ओदाली शिव्या घालत.

"मढव रे," लास्ती म्हणाला.

"नाही, पारँ."

"अरे, मीच सांगतोय ना?"

"नाही."

"मग मी मढवतो," लास्ती म्हणाला, आणि धक्क्यावर, ओविदच्या समोरच, त्याने स्वतःची बोट मढवली. देवा! जुड्या ताठ, कुंपणासारख्या. बोरूत लव्हाळं, लव्हाळ्यात ओदालीच्या बागेतली कसली तरी फांदी, आणि सगळ्यावर हिरवा रंग, ओलाच, चकाकणारा. ओविद पायरीवर बसून बघत होता. त्याची बोटं गुडघ्यावर सुतळी वळल्यासारखी हलत होती. एकदा तो उठला, मला वाटलं आता जातो. पण पुन्हा बसला.

लास्ती अजून जातो त्या बोटीतून. लांब नाही, बांधाच्या अलीकडेच. खोकतो, गातो, काही मारत नाही. आणि तो गेला की ओविद बांधावर जाऊन उभा राहतो. लास्ती परत येईपर्यंत तिथेच, थंडी असो, धुकं असो. मी त्याची कॉफी तिकडेच घेऊन जाते, नाहीतर तो घेतच नाही.

"दिसते का?" मी विचारते.

तो एक डोळा मिटतो, बराच वेळ बघतो.

"दिसते," म्हणतो. "फार घाण दिसते."